माईंचं मौन

"आता बघा. हे बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?" निवेदिताने भिंग बदलून विचारलं.

तपासणीची जड फ्रेम नाकावर सांभाळत खुर्चीतली म्हातारी काशम्मा समोरच्या अक्षरांऐवजी आवाजाच्या दिशेने बघत होती.

"अव्वा, पाटीकडं बघा. हे बरं की आधीचं?"

"तुमी गुरुवारच्या माई न्हवं?" काशम्मा म्हणाली. "आवाज वळखला मी. सून मोबाईल लावती की घरात. अक्कलकोटास्नं आलोय आमी. पन तुमी हितं दुकानात आसता, ते ठावं न्हवतं."

निवेदिता काही बोलायच्या आत म्हातारी खुर्चीतून उतरली आणि फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून तिच्या पायांवर वाकली. फ्रेम निसटली. एक भिंग फरशीवरून घरंगळत काउंटरखाली गेलं. निवेदिताने गुडघ्यांवर बसून ते शोधलं, पुसून पुन्हा बसवलं आणि म्हातारीला खुर्चीत बसवलं.

"हं, आता सांगा. हे बरं की ते?"

"तुमाला ठावं की, माई."

"अहो, डोळे तुमचे आहेत."

"व्हय, पन कळतं ते तुमाला. तुमी म्हनाल त्यो नंबर."

निम्मं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलेल्या बाईला एवढं नक्की माहीत असतं, की ज्याच्या डोळ्यांचा नंबर काढायचा त्याने स्वतः तोंड उघडावं लागतं. निवेदिताने आणखी दोन भिंगं लावून पाहिली. दोन्ही वेळा काशम्मा भक्तिभावाने नुसती हसली. शेवटी 'सुनेला घेऊन पुन्हा या' असं सांगून तिने म्हातारीला जुन्याच चष्म्यावर घरी पाठवलं. म्हातारी खूश होऊन गेली. काचेआडून हे बघणारे दुकानाचे मालकही खूश होते. माई आपल्याकडे नोकरीला आहेत, हे सोलापूरच्या नव्या पेठेत पसरल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक वाढलं होतं.

खूश नव्हती ती एकटी निवेदिता. ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तिला माई म्हणणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले पुष्कळ होते. कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभं राहून तिला अंडाभुर्जी खाता येत नव्हती. लग्नाला जावं तर लोक ताट सोडून उठत. कोणाशी भांडायची तर सोयच उरली नव्हती, कारण भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी मागून कोणीतरी म्हणे, 'माई परीक्षा बघतात हो.'

आणि हे सगळं सुरू झालं होतं दोन बायकांच्या रिकामपणातून.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, शाळा बंद. निवेदिता आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण मुमताज रोज दुपारी फोनवर बोलत. मुमताज उर्दू शाळेत शिक्षिका. दोघींनाही लहानपणापासून एक खोड होती, ती म्हणजे नको ते विचारायची. देव नसेल तर बरं वाटल्यावर आभार कोणाचे मानायचे? चांगुलपणा आणि भिडस्तपणा यांतला फरक कसा ओळखायचा? मेलेल्या माणसाची आठवण येते तेव्हा नेमकं कोण येतं? या गप्पांत आणखी दोघं-तिघं आले, मग मुमताजने ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'शंकेखोर'. नियम तिनेच केले. पोथीतलं किंवा पुस्तकातलं कोणी काही सांगायचं नाही, स्वतःच्या जगण्यातलं सांगायचं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं नाही. सुप्रभातवाल्याला लगेच बाहेर काढायचं.

त्या दिवसांत निवेदिता सुखी होती. हे तिला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

मग दुसऱ्या लाटेत बार्शीच्या कमलाकरकाकांची बायको गेली. हे कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ नुकतेच ग्रुपमध्ये आले होते. घरात एकटे, माणसांना यायची बंदी. त्यांनी निवेदिताला फोन लावला आणि रडत राहिले. निवेदिताला काय बोलावं ते सुचेना. ती कितीतरी वेळ फोन कानाला लावून नुसती बसली. दुसऱ्या दिवशी काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'काल माई माझ्यासोबत मौनात बसल्या. त्या मौनाने मला तारलं.' माई हा शब्द तिथे पहिल्यांदा आला. माणूस दुःखात होता, त्याला काय दुरुस्त करायचं, म्हणून निवेदिता गप्प राहिली. ते गप्प राहणंही लोकांनी मौनातच धरलं.

पुढे माणसं वाढत गेली. पुण्याची आली, हैदराबादची आली, दुबईची आली. दर गुरुवारी संध्याकाळी सगळे स्क्रीनवर जमू लागले. माई बोलतात ते कानांनी ऐकायचं नसतं, आतून ऐकायचं असतं, असं कोणीतरी लिहिलं. तेव्हापासून ती बोलू लागली की सगळे डोळे मिटून घेत. एके दिवशी मतं घेऊन ग्रुपचं नाव 'आत्मशोध परिवार' झालं. मुमताजने विचारलं, 'हे कधी ठरलं? शंका होती ती फिटली का सगळ्यांची?' त्यावर हात जोडलेली चित्रं आली आणि एकाने लिहिलं, 'ताई, श्रद्धा ठेवा.' त्यानंतर मुमताजने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. बाहेरही पडली नाही, ते केवळ निवेदिताने गळ घातली म्हणून.

हे सगळं एका फटक्यात मोडता आलं असतं. अडचण होती हृषीकेशची.

हृषीकेश तिचा नवरा. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. कामावर जाणारा माणूस घरी बसला की कसा होतो, ते ज्या घरात घडतं त्यांनाच ठाऊक. दाढी वाढलेली, बनियन तोच, दुपारी पडद्यामागे अंधार करून पडलेला. आपल्याशी तो आठवडा आठवडा बोलत नसे, याचं तिला वाईट वाटे आणि भीतीही. मग एका गुरुवारी लिंक चालेना म्हणून त्याने सहज हात लावला. पुढच्या गुरुवारी लोकांनी 'दादा, लिंक पाठवा' असं लिहिलं. त्या दिवशी त्याने दाढी केली. आता तो परिवाराचा दादा होता. माइक, दिवा, लॅपटॉप, नव्या माणसांची ओळख, सगळं तोच बघे. सकाळी शीळ घालत आंघोळ करी.

या गुरुवारी परिवाराचा वाढदिवस होता. आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, असं निवेदिताने ठरवलं होतं. नवऱ्याला आधी सांगावं म्हणून ती सकाळी दोनदा त्याच्यापाशी गेली होती.

"संमेलनाला हॉल मिळाला बघ," तो आरशातून म्हणाला होता. "पार्क चौकातला. दुबईचे लोक पण येतो म्हणालेत की. आणि हे बघ, बॅनरवर तुझा फोटो मोठा नको, साधा ठेवू. तुला आवडत नाही, माहितीये मला."

"अहो, ऐका ना."

"बोल की."

त्याच्या गालावर साबण होता आणि चेहरा इतका आनंदी होता, की तिने 'डबा भरलाय' एवढंच सांगितलं.

म्हणूनच चारचौघांत बोलायचं होतं, म्हणजे माघार घेता येणार नाही. काशम्मा गेल्यावर तिने दुकानाच्या मागच्या खोलीतून मुमताजला फोन केला.

"आज संध्याकाळी ये ग्रुपवर."

"मी येऊन काय करू? तिथं माझं डोकं दुखतं बाबा."

"आज ये. बस."

"बरी आहेस ना तू?"

"आज बरी होईन. ये तू."

संध्याकाळी घरी पोचली तर गल्लीत आरडाओरडा चालू होता. पाणी सुटलं होतं. सोलापुरात पाणी सुटलं की काय होतं ते सांगायला नको, मयतीला निघालेला माणूसही हंडा ठेवून मग जातो. हृषीकेश पँट दुमडून हौदापाशी उभा होता. मोटर घुंई करत होती.

"सगळं लावून ठेवलंय," तो ओरडून म्हणाला. "तू नुसती जाऊन बस. मी टाकी भरून आलोच. लोक जमलेत."

निवेदिताने तोंड धुतलं आणि आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. स्क्रीनवर चौकोनाशेजारी चौकोन, प्रत्येकात एक चेहरा. कमलाकरकाका वरच्या रांगेत होते. त्यांच्यामागे बायकोचा हार घातलेला फोटो दिसत होता. तिने नमस्कार केला. सगळ्यांनी हात जोडले आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

"आज मला थोडं वेगळं बोलायचंय," ती म्हणाली. "मध्ये कोणी थांबवू नका. थांबवलंत तर मला पुन्हा जमणार नाही."

कोणी थांबवलं नाही.

"मला काही सापडलेलं नाही. मी कुठे पोचलेली वगैरे नाहीये. तुम्ही विचारता ते सगळं मलाही विचारायचं असतं, पण मला आता कुणाला काही विचारताच येत नाही. मी नुसतं 'काय हो' म्हटलं तरी तुम्ही त्यात अर्थ शोधता. मी अंडं खाते. मला राग येतो. सासूबाई गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. हे मला इथे विचारायचं होतं. विचारण्यासाठीच तर काढला होता आम्ही हा ग्रुप." तिने वरच्या रांगेतल्या काकांकडे पाहिलं. "काका, त्या दिवशी मी मौनात नव्हते हो. मला काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून गप्प बसले होते. तुम्हाला बरं वाटलं म्हणून खोडलं नाही. मग खोडायचं राहूनच गेलं."

काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून तिला धीर आला. ऐकतायत. समजून घेतायत. मग तिने राहिलेलं सगळं सांगितलं. आपण माई म्हणून आजपासून थांबतोय. संमेलन नको, बॅनर नको. ज्यांना शंका आहेत त्यांनी थांबावं, ज्यांना उत्तरं हवीत त्यांनी रागावू नये आणि दुसरीकडे जावं. आणि हृषीकेशला कोणी दोष देऊ नये, त्याला यातलं काही माहीत नाही, त्याने फार मनापासून केलं. नवऱ्याचं नाव घेताना मात्र ती रडली. बोलणं संपलं तेव्हा खांदे इतके हलके झाले होते, की इतके दिवस ते दुखत होते हेही तिला तेव्हाच समजलं.

बराच वेळ सगळे तसेच बसून राहिले. मग एकेक डोळे उघडू लागले. पहिला आवाज काकांचा आला, तोही भरलेला.

"माई, आज मोकळं केलंत मला."

"काका!" ती म्हणाली. "तुम्हाला राग नाही ना आला?"

काकांनी तिच्या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. "ती गेल्यापासून तिचा चेहराच येत नव्हता डोळ्यांसमोर. फोटोतला यायचा. आज खरा आला. हसली."

हैदराबादच्या बाईंनी डोळे पुसले. "एक शब्द नाही, माई. एक शब्द बोलला नाहीत आणि सगळं सांगितलंत."

"इतकं खोल मौन कधीच झालं नव्हतं," आणखी कोणीतरी म्हणालं.

निवेदिताने स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. मोटरीचा आवाज लोकांना जाऊ नये म्हणून हृषीकेशने माइक बंद करून ठेवला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'माई आज मौनाने आरंभ करतील. मी आल्यावर पुढचा कार्यक्रम.' अख्ख्या देशात कुठल्याही मीटिंगमध्ये अर्ध्या मिनिटात दहा जण ओरडले असते, 'मॅडम, आवाज येत नाहीये!' एवढा एकच ग्रुप असा होता, की जिथे आवाज न येण्याचं कोणाला काही वाटलं नाही.

तिने माइक चालू केला.

"ऐका," ती म्हणाली. "मी बोलत होते मगाशी."

सगळ्यांनी लगबगीने पुन्हा डोळे मिटले. काकांनी तर मांडी सावरली. दारात हृषीकेश येऊन उभा राहिला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मोबाईलवर लोकांचं लिहिणं वाचत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

पुन्हा सांगायचं? कुठून सुरू करायचं? काका, ती हसली ते खोटं, असं म्हणायचं? मघाशी जे बोलली ते बोलायला तिला वर्षं लागली होती, आणि ते सगळं बोलून संपलं होतं. तिने तोंड उघडलं. शब्द आले ते वेगळेच.

"जेवून घ्या सगळे," ती म्हणाली. "उशीर झालाय."

दुबईच्या माणसाने ते लिहून घेतलं.

जेवताना हृषीकेश थांबतच नव्हता. लोक काय म्हणाले, कोण रडलं, कोणी फोन केला. तिच्या ताटात त्याने स्वतः शेंगाचटणी वाढली, वर दही घातलं. "आता ठरलंच, दर गुरुवारी असंच करायचं. सगळ्यांचं मत तेच पडलंय की. माइक पहिल्यापासून बंद. तुला बोलायचा त्रासच नको." तिला त्याचा राग येत नव्हता, हेच अवघड होतं. राग आला असता तर ताट सरकवून उठता आलं असतं.

तेवढ्यात मुमताजचा फोन आला.

"अगं निवे, काय बोलत होतीस तू मघाशी?"

निवेदिताचा घास हातातच राहिला.

"ओठ हलत होते तुझे. रडत होतीस. मी दोन-तीन वेळा लिहिलं की, आवाज येत नाही म्हणून. तर तेच पुसून टाकलं कुणीतरी. वर लिहिलं, ताई, मौनात बोलू नये. अगं, काय चाललंय तिथं? काय सांगत होतीस?"

किती दिवसांनी कोणीतरी तिला साधं काहीतरी विचारत होतं आणि उत्तर ऐकायला थांबलं होतं. हृषीकेशने खुणेनेच विचारलं, कोण? तिने ओठांनी सांगितलं, मुमताज. तो खूश होऊन जवळ सरकला. मुमताजताईंनाही आजचं भावलं असणार, असं त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

"निवे?"

"काही नाही गं," निवेदिता म्हणाली. "जप करत होते."

"तू?"

"हो."

"हृषीकेश बाजूला आहे का? असला तर नुसतं 'हं' म्हण. मी उद्या दुकानात येते, तिथं बोलू."

एवढंच करायचं होतं. नुसतं 'हं' म्हणायचं होतं. पण 'हं' म्हटलं तर मुमताज खरंच येईल. ती आली तर सगळं ऐकून घेईल, आणि ऐकून घेतल्यावर ती गप्प बसणारी नाही. इथे येईल, या माणसासमोर बसेल, आणि मग उद्या सकाळी शीळ ऐकू येणार नाही. मनगटाला दही लागलेला तो माणूस अपेक्षेने तिच्याकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही. खरंच जप करत होते."

"बरं," मुमताज म्हणाली. थोडा वेळ तिने फोन ठेवला नाही. मग ठेवला.

सकाळी ग्रुपवर एक बारीक करडी ओळ होती, मुमताज बाहेर पडल्याची. तिच्याखाली लोकांची सुप्रभातं सुरू झाली होती. निवेदिताने नंतर दोनदा फोन लावला. मुमताज छान बोलली. शाळेत परीक्षा आहेत म्हणाली, बहिणीच्या मुलीचं ठरतंय म्हणाली. तिने काहीही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी पाणी नव्हतं, त्यामुळे घर शांत होतं. हृषीकेशने दिवा लावला, लॅपटॉप उघडून दिला, माइक बंद असल्याचं दोनदा तपासलं. निवेदिता समोर बसली. तिने हात जोडले, सगळ्यांनी जोडले, आणि एकामागून एक डोळे मिटत गेले. काकांचे मिटले, हैदराबादच्या बाईंचे मिटले. एका चौकोनात काशम्मा सुनेच्या शेजारी बसलेली दिसली, तिनेही घट्ट मिटले होते. निवेदिताने स्क्रीनवरच्या चौकोनांची सगळी पानं एकदा पुढे आणि एकदा मागे सरकवून पाहिली. उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघणारं कोणीच नव्हतं.

थोड्या वेळाने तिनेही डोळे मिटले. आवाज होऊ नये म्हणून हृषीकेशने बाहेरून दार अलगद ओढून घेतलं.